आडात किती, पोहऱ्यात किती?

जुलैचा शेवटचा आठवडा आला की कोपरगावपासून जामखेडपर्यंत, अहिल्यानगर जिल्ह्याच्या चौदाही तालुक्यांत सेवा केंद्रांपुढे रांगा लागतात. हातात सातबारा, आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि डोळ्यांपुढे पीकविम्याची ३१ तारीख. २०२३च्या खरिपात एक रुपयात पीकविमा मिळू लागला, तेव्हा शेवटच्या दिवसांतील गर्दीनंतर मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली होती. त्याआधी २८ एप्रिल २०२१ रोजी अठरा वर्षांवरील सर्वांसाठी ‘कोविन’वर लसनोंदणी खुली झाली. त्या एका दिवसात देशभरातून एक कोटीहून अधिक लोकांनी नाव नोंदवले. पण सुरुवातीच्या मिनिटांत अनेकांच्या मोबाइलवर ओटीपीच पोहोचला नाही. प्रसंग वेगळे, खाती वेगळी. खिडकीतून येणारे उत्तर मात्र सगळीकडे एकच असते : ‘सर्व्हर डाऊन आहे, नंतर या.’

वैद्यकाच्या भाषेत बोलायचे तर ‘सर्व्हर डाऊन’ हे लक्षण आहे, निदान नव्हे. ताप आला एवढ्यावरून मलेरिया की टायफॉइड हे ठरत नाही. रक्त तपासावे लागते. तसेच इथेही आहे. गावातले इंटरनेट अडखळले असेल, ओटीपी पाठवणारी यंत्रणा तुंबली असेल, प्रोग्रॅम गचाळ लिहिला असेल, किंवा जिथे माहिती साठवली जाते ती डिस्कच मागणीला पुरी पडत नसेल. प्रत्येकाचा इलाज निराळा. या साखळीतली डिस्क ही सर्वांत कमी दिसणारी, पण नेमकी मोजता येणारी कडी आहे. म्हणूनच ती मोजली जाते का, आणि कशी मोजली जाते, हा प्रश्न केवळ संगणकवाल्यांचा राहत नाही. ज्या दिवशी सातबारा, रेशन, विमा आणि रुग्णाचा केसपेपर क्लाउडवर गेला, त्या दिवशी तो सार्वजनिक प्रश्न झाला.

क्लाउड म्हणजे ढग असला, तरी तो आकाशात नसतो. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे एक डेटा सेंटर पुण्यात आहे. अ‍ॅमेझॉनने आपला मुंबई विभाग जून २०१६ मध्ये सुरू केला. शेजारच्या नाशकातही ईएसडीएस या कंपनीचे डेटा सेंटर आहे. प्रकाश काचेच्या तारेतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. अहिल्यानगरपासून मुंबई अडीचशे किलोमीटर धरली, तर संदेश जाऊन परत यायला निव्वळ अंतरापोटी अडीच मिलिसेकंद लागतात. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. प्रत्यक्षात तारेची वळणे आणि मधली उपकरणे धरून हा वेळ काही पटींनी वाढतो, तरी तो डोळ्याची पापणी लवायच्या आतला असतो. तेव्हा पडद्यावर गोल फिरणारे चक्र मिनिटभर थांबत नसेल, तर दोष निव्वळ अंतराला देता येत नाही.

डिस्कचा इतिहास पाहिला की तिची मर्यादा कळते. १९५६ मध्ये आयबीएमने आणलेल्या ‘रॅमॅक’ या यंत्रात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि त्यांत पन्नास लाख अक्षरे मावत. पुढच्या काळात घराघरांतील संगणकात बसलेली हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती नोंद काट्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, आणि काटा योग्य जागी सरकायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. हिशेब केला तर अशी डिस्क इकडेतिकडे विखुरलेल्या नोंदी सेकंदाला ऐंशीच्या आसपासच वाचू शकते. फिरते भाग नसलेली एसएसडी आली आणि हा आकडा हजारोंवर, लाखावर गेला. पण क्लाउडमध्ये ग्राहकाला अख्खी एसएसडी मिळत नाही. एका मोठ्या साठ्यातला वाटा मिळतो, आणि एकाने सगळे ओढून घेऊ नये म्हणून प्रत्येक वाट्याला वेगाची मर्यादा मुद्दाम घातलेली असते. कालव्याच्या पाण्याची पाळी ठरलेली असते, तसेच हे. ही मर्यादा किती हे करारात लिहिलेले असते. ते वाचले मात्र पाहिजे.

नगरच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात विहीर सगळ्यांना कळते, म्हणून विहिरीचेच उदाहरण घेऊ. विहीर किती खोल, म्हणजे डिस्कवर किती जीबी मावते, हे बहुतेक खरेदीत विचारले जाते. पण शेतकरी तेवढ्यावर थांबत नाही. तो विचारतो, पाझर किती? तासाला किती पाणी येते? डिस्कच्या बाबतीत हा पाझर तीन प्रकारे मोजतात. पहिला, सेकंदाला किती वेळा वाचता-लिहिता येते; याला आयओपीएस म्हणतात. दुसरा, सेकंदाला एकूण किती एमबी माहिती वाहते. तिसरा, एका मागणीला उत्तर यायला किती वेळ लागतो.

हे तिन्ही एकच नाहीत, आणि कामानुसार त्यांचे महत्त्व बदलते. सातबारा शोधणे किंवा रुग्णाची नोंद उघडणे हे बारीक-बारीक वाचनांचे काम आहे. डेटाबेस साधारण ८ किंवा १६ केबीच्या पानांत माहिती ठेवतो आणि एका नोंदीसाठी अशी अनेक पाने चाळावी लागतात. तिथे आयओपीएस आणि उत्तराचा वेळ महत्त्वाचा. सीटी स्कॅनचे गणित वेगळे. त्यातले एक चित्र ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांचे, प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट. म्हणजे एक चित्र अर्ध्या एमबीचे. सहाशे चित्रांची तपासणी ३०० एमबीची होते. सेकंदाला १२५ एमबी देणाऱ्या डिस्कवरून ती यायला अडीच सेकंद लागतील. पण पाच डॉक्टरांनी एकाच वेळी पाच तपासण्या उघडल्या तर बारा सेकंद. इथे आयओपीएस वाढवून काही उपयोग नाही, प्रवाह वाढवावा लागतो. रोग एक आणि औषध भलतेच, अशी गत व्हायला नको असेल तर आधी कामाचे स्वरूप मोजायला हवे.

रांगेचे गणितही यात आहे. जॉन लिटल या अमेरिकी अभ्यासकाने १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक साधा नियम बाह्यरुग्ण विभागाला लागू पडतो तसाच डिस्कलाही पडतो : आत असलेल्यांची संख्या भागिले दर सेकंदाला सुटणाऱ्यांची संख्या म्हणजे प्रत्येकाला लागणारा सरासरी वेळ. डिस्कपुढे तीस मागण्या उभ्या आहेत आणि ती सेकंदाला ३००० मागण्या निकालात काढते, तर प्रत्येकीला १० मिलिसेकंद लागतात. वेग ३०० वर आला तर १०० मिलिसेकंद. एक अर्ज उघडायला एकामागून एक चाळीस वाचने लागत असतील, तर पहिल्या स्थितीत ०.४ सेकंद, दुसऱ्या स्थितीत ४ सेकंद. अर्ज भरताना अशी पाच पाने उलटायची असतील, तर काउंटरवरचा माणूस फक्त वाट पाहण्यात वीस सेकंद घालवतो. मागे शंभर जण उभे असतील, तर त्या वीस सेकंदांचा अर्धा तास होतो.

आता वेग ३००० वरून ३०० वर कसा येईल? त्याचे उत्तर क्लाउडच्या एका जुन्या सोयीत दडले आहे. अ‍ॅमेझॉनच्या जीपी-२ प्रकारच्या डिस्कला दर जीबीमागे ३ आयओपीएस हा कायमचा वेग मिळतो. १०० जीबीची डिस्क घेतली तर ३००. पण गरज पडल्यास ती ३००० पर्यंत धावू शकते. त्यासाठी ५४ लाख मागण्यांची शिल्लक खात्यात जमा असते. पूर्ण वेगाने धावताना सेकंदाला २७०० ने ही शिल्लक घटते आणि २००० सेकंदांत, म्हणजे सुमारे ३३ मिनिटांत संपते. मग डिस्क निमूटपणे ३०० वर येते. काम पूर्ण थांबवले तरी शिल्लक पुन्हा भरायला पाच तास लागतात. भरलेल्या विहिरीवर मोटार लावली की पहिला अर्धा तास धार जोरात पडते आणि मग पाझरावर भागवावे लागते, तोच हा प्रकार.

याचा परिणाम फसवा असतो. यंत्रणा उभी करणारा कंत्राटदार रात्री दहा मिनिटांची चाचणी घेतो. आकडा येतो ३०००. अहवालावर सह्या होतात. सकाळी नऊ वाजता कामकाज सुरू होते, गर्दी वाढते आणि साडेनऊला सगळे मंदावते. कोणी खोटे बोललेले नसते. विहीर भरलेली असताना मोजली, एवढेच. अ‍ॅमेझॉनने डिसेंबर २०२० मध्ये आणलेल्या जीपी-३ डिस्कमध्ये आकार कितीही असला तरी ३००० आयओपीएस आणि सेकंदाला १२५ एमबी हा पायाभूत वेग कायम मिळतो, आणि पैसे भरून तो स्वतंत्रपणे वाढवता येतो. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युअरवर प्रीमियम एसएसडी प्रकारात १२८ जीबीच्या डिस्कला ५००, तर एक टीबीच्या डिस्कला ५००० आयओपीएसचा कायमचा वेग असतो. म्हणजे माहिती कमी आहे म्हणून लहान डिस्क घेण्याची काटकसर कधीकधी वेगाच्या मुळावर येते.

मोजमापातला दुसरा सापळा सरासरीचा. शंभर वाचनांपैकी ९९ दोन मिलिसेकंदांत झाली आणि एक दोन सेकंद अडकले, तर सरासरी येते २२ मिलिसेकंद. अहवालात हा आकडा देखणा दिसतो. पण एका नागरिकाचे काम तीस वाचनांचे असेल, तर त्यातले किमान एक तरी अडकण्याची शक्यता २६ टक्के होते. म्हणजे दर चौघांतल्या एकाला पडदा गोठलेला दिसतो. त्याला सरासरी सांगून समाधान होणार नाही. म्हणून जाणकार ‘शंभरातल्या ९९ मागण्या किती वेळात पूर्ण झाल्या’ हा आकडा मागतात. रक्तातली साखर एकदा उपाशीपोटी तपासून भागत नाही, जेवणानंतरचीही पाहावी लागते. तसेच डिस्कची तपासणी ऐन गर्दीच्या वेळची हवी आणि पुरेशी लांब हवी.

त्यासाठी साधनांची वानवा नाही. लिनक्सच्या गाभ्यावर काम करणारे जेन्स ॲक्सबो यांनी लिहिलेले ‘फायो’ हे मोफत साधन जगभर वापरले जाते. पण ते चालवतानाची पथ्ये पाळावी लागतात. वाचन-लेखनाचे प्रमाण, एका वेळच्या मागणीचा आकार आणि एकाच वेळी उभ्या असलेल्या मागण्या या गोष्टी खऱ्या कामासारख्या हव्यात. चाचणीची फाइल संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीपेक्षा मोठी हवी किंवा ती स्मृती टाळून चाचणी व्हायला हवी. नाहीतर डिस्कऐवजी स्मृतीचाच वेग मोजला जातो. चाचणी काही मिनिटांत न आटोपता शिल्लक संपेपर्यंत चालवायला हवी. आणि लेखनाची चाचणी खरी माहिती असलेल्या डिस्कवर कधीही घेऊ नये. तीच माहिती पुसली जाऊ शकते.

मोजल्यानंतर रचना. पाच अश्वशक्तीच्या मोटारीला दीड इंची पाइप जोडला तर विहिरीत पाणी असूनही शेवटच्या वाफ्यापर्यंत पोहोचत नाही. क्लाउडमध्येही डिस्कची मर्यादा वेगळी आणि ती ज्या संगणकाला जोडली त्याची वेगळी असते. दोन्हींतली जी लहान, तीच खरी. महागडी डिस्क लहान संगणकाला जोडून पैसे वाया घालवल्याची तक्रार या क्षेत्रात जुनी आहे. सतत वाचली जाणारी माहिती जवळच्या जलद साठ्यात ठेवता येते. सतत लिहिली जाणारी नोंदवही वेगळ्या डिस्कवर ठेवता येते. बॅकअपमधून नव्याने उभी केलेली डिस्क पहिल्या वाचनाला मंद असू शकते, कारण माहिती मागणी होईल तशी दूरच्या साठ्यातून आणली जाते. त्यामुळे मोठ्या बिघाडानंतर ‘यंत्रणा सुरू झाली’ असे जाहीर होते आणि लोकांचा अनुभव मात्र निराळा असतो. अशा डिस्कवरची सगळी पाने आधीच एकदा वाचून घेतली की ही अडचण टळते.

एक मोह मात्र टाळलाच पाहिजे. नोंद डिस्कवर पक्की उतरेपर्यंत थांबायचे नाही, अशी सेटिंग केली की चाचणीचे आकडे एकदम उंचावतात. पण त्याच क्षणी यंत्रणा कोसळली तर ‘नोंद झाली’ असे सांगितलेली नोंद गायब होते. फेरफाराची नोंद किंवा रुग्णाला दिलेल्या औषधाची मात्रा अशा वेगाच्या बदल्यात गमावणे परवडणारे नाही.

प्रत्येक वेळी दोषी डिस्कच असते असेही नाही. डेटाबेसला योग्य सूची नसेल, तर एका गट नंबरासाठी तो अख्खे दप्तर उलथापालथे करतो. तिथे जलद डिस्क विकत घेणे म्हणजे फुटक्या घड्यात पाणी ओतणे. आधी मोजा, मग खर्च करा, हा क्रम म्हणूनच मोडता कामा नये.

या साऱ्याचा आरोग्याशी संबंध थेट आहे. पक्षाघातात दर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी नष्ट होतात, आणि गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्या घाईत स्कॅन उघडायला दहा सेकंद जास्त लागले तर फार बिघडत नाही. पडदा दहा मिनिटे गोठला तर बिघडते. त्याहून मोठे नुकसान हळूहळू होते. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेला प्रत्येक नोंदीला मिनिटभर थांबावे लागले, तर ती कागदावर लिहून ठेवते आणि संध्याकाळी आठवून भरते. लसीची वेळ, रक्तदाब, औषधाची मात्रा यांत चुका शिरतात. मग त्याच आकड्यांवर साथीचे अंदाज बांधले जातात. मंद यंत्रणा माणसाचा वेळ खाते, आणि माहितीचा खरेपणाही खाते.

हे ओळखून निविदा आणि करारांची भाषा बदलायला हवी. ‘यंत्रणा ९९.५ टक्के वेळ सुरू राहील’ असे कलम भरभक्कम वाटते. तीस दिवसांच्या महिन्यात त्याचा अर्थ ३.६ तास बंद राहण्याची मुभा. ते सगळे तास मुदतीच्या शेवटच्या दिवशी आले तरी करार मोडत नाही. शिवाय सुरू असलेली पण रांगणारी यंत्रणा या हिशेबात ‘सुरू’च धरली जाते. त्याऐवजी, गर्दीच्या तासात शंभरातले ९९ अर्ज किती सेकंदांत उघडतील, हे कलमात हवे. डिस्कचा कायमचा वेग किती, तात्पुरता किती आणि तो किती मिनिटे टिकतो, हे लेखी हवे. चाचणी कोणत्या स्थितीत झाली हे अहवालासोबत हवे. आणि दर महिन्याचे प्रत्यक्ष आकडे लोकांसाठी खुले हवेत.

वर्षातल्या चार दिवसांसाठी बारा महिने महाग यंत्रणा का पोसायची, हा प्रश्न खर्च सोसणाऱ्यांकडून येतो आणि तो रास्त आहे. पण क्लाउड घेण्याचे मुख्य कारणच हे की वेग हंगामापुरता वाढवता येतो आणि नंतर उतरवता येतो. पीकविमा असो वा १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झालेली ई-पीक पाहणी, त्यांच्या मुदती आधीच ठरलेल्या असतात. त्यांच्या आठवडाभर आधी वेग वाढवणे आणि गर्दीची तालीम घेणे शक्य आहे. मुदत संपताना धावाधाव करणे म्हणजे वरातीमागून घोडे. उलट दहा वर्षांपूर्वीचे एक्स-रे स्वस्त, संथ साठ्यात हलवून पैसेही वाचवता येतात.

या जिल्ह्याला मोजून वागण्याचे शिक्षण बाहेरून आणायची गरज नाही. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने दरवर्षी पाऊस आणि विहिरींची पातळी मोजायची, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडायचा आणि त्यावरून पिके ठरवायची, अशी रीत घालून दिली. तिथे पाणी मुबलक होते म्हणून मोजले नाही. कमी होते म्हणून मोजले, आणि मोजलेले सगळ्यांना दाखवले. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे तिथल्या माणसाला सांगावे लागत नाही. सरकारी यंत्रणांनीही आपल्या आडाची पातळी आणि पाझर मोजून फलकावर लावावा. मग खिडकीतल्या कर्मचाऱ्याला ‘सर्व्हर डाऊन’ एवढेच सांगून भागणार नाही आणि रांगेतल्या माणसाला नेमके काय अडले आहे, हे विचारता येईल.